आधी स्वतःची वीस बोंडे फोडा



पुढारी कसा असावा, यावर मुंबईत अंधेरीच्या हॉटेलांत कंपन्यांच्या साहेबांसाठी शिबिरे भरतात. थंडगार खोलीत शिकवणारा सांगतो, 'आधी स्वतःला ओळखा.' हे ऐकले की आपले कार्यकर्ते हसतात. म्हणतात, पोट भरलेल्याने आत्मपरीक्षण करावे. आपल्याला कापसाला आणि ज्वारीला भाव पाहिजे, आपण लढावे.

या हसण्याला माझा विरोध आहे. स्वतःला न ओळखणारा पुढारी कंपनीत असला तर कंपनीचा तोटा होतो. तोच आंदोलनात असला तर हजारो घरांच्या चुली विझतात. हा धडा साहेबापेक्षा आपल्याला जास्त लागू आहे. पुरावा त्याच मुंबईच्या उपनगरांत आहे, घाटकोपरला.

दत्ता सामंत हे घाटकोपरचे डॉक्टर. दगडखाणीतल्या मजुरांना औषध देता देता ते त्यांचे पुढारी झाले. कारखान्यामागून कारखान्यात त्यांनी भरघोस पगारवाढ मिळवून दिली. १९४६ च्या कायद्याने गिरण्यांत एकाच संघटनेला मान्यता होती आणि तिच्यावरचा कामगारांचा विश्वास उडाला होता. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून चिडलेले गिरणी कामगार डॉक्टरांच्या दारी गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. कापसाचे सूत काढणारी ही कोकणातल्या आणि घाटावरच्या शेतकऱ्यांचीच पोरे.

सगळा दोष डॉक्टरांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. गिरण्या जुन्या झाल्या होत्या, मालकांचा डोळा जमिनीवर होता, सरकार हटून बसले होते. डॉक्टर कामगारांसाठी झिजले हेही खरे. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत त्यांची हत्या झाली. पण प्रश्न उरतोच. दुसऱ्या कारखान्यांत जे हत्यार चालले, ते गिरणीत चालेल का? गिरणी बंद राहिली तरी ज्याचे फारसे बिघडत नाही, तो मालक संपाला भिईल का? यशाची सवय झालेल्या पुढाऱ्याला हा प्रश्न सुचत नाही आणि जयजयकार करणाऱ्यांना तो विचारता येत नाही. तो संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. वर्ष उलटले, कामगार एकेक करून कामावर गेले, कित्येक कायमचे गावी परतले. लढाई सुरू करायला छाती लागते. ती कुठे थांबवायची, हे ठरवायला स्वतःच्या आत बघावे लागते.

आता त्याच घाटकोपरचा दुसरा प्रसंग. ६ मार्च २०१८ रोजी किसान सभेचा मोर्चा नाशिकहून पायी निघाला. वनजमिनीचे पट्टे, कर्जमुक्ती, भाव, बोंडअळीची भरपाई अशा मागण्या होत्या. सुमारे १८० किलोमीटर चालून ११ मार्चला तो मुलुंड, घाटकोपर मागे टाकत चुनाभट्टीच्या सोमय्या मैदानावर आला. पायाला फोड, कित्येकांच्या पायात चप्पल नाही. सकाळी उठून विधान भवनाकडे निघायचे ठरले होते. पण १२ मार्चला दहावीचा पेपर होता. रस्ता अडला तर पोरांचा पेपर बुडेल. म्हणून मध्यरात्रीनंतर, झोप बाजूला ठेवून, ती हजारो माणसे उठली आणि पहाटे आझाद मैदानावर पोहोचली.

त्यांचा झेंडा वेगळा, आपला वेगळा. पण चांगले ते उचलावे. त्या रात्री पुढाऱ्यांच्या हातात शहर कोंडण्याची ताकद होती. ताकद असताना 'आपल्या पावलाची झळ कुणाला बसेल' हे विचारणे, यालाच मी जागे पुढारीपण म्हणतो. शहराने पाणी दिले, खाऊ दिला, चपला दिल्या. सरकारला लेखी आश्वासन द्यावे लागले. आश्वासने पुरी झाली नाहीत म्हणून २०१९ मध्ये आणि २०२३ मध्ये पुन्हा चालावे लागले, हेही ध्यानात ठेवा. कागद हातात आला की घरी जाऊन झोपणारा पुढारी कामाचा नाही.

आता आपल्याकडे वळतो. मी शेतीशास्त्र शिकलेला माणूस, तेव्हा शेतातलेच सांगतो. गुलाबी बोंडअळी लहान असतानाच बोंडात शिरते. शिरलेले भोक बुजून जाते आणि बोंड बाहेरून हिरवेगार दिसते. म्हणून शिफारस अशी की शेतात फिरून कुठलीही वीस हिरवी बोंडे तोडावीत आणि फोडून बघावीत. दोनांत अळी सापडली तर फवारणीची वेळ झाली. बांधावर उभे राहून 'पीक झकास आहे' म्हणणाऱ्याला वेचणीला कवडीच मिळते.

पुढारीही बाहेरून असाच हिरवागार दिसतो. आपल्या तालुक्यांचे हाल बघा. रस्ता रोको कशासाठी, तर फोटो यावा म्हणून. रुग्णवाहिका अडली तरी पर्वा नाही. सभेचा चंदा जमतो, हिशेब वर्षभर निघत नाही. 'अध्यक्षसाहेब, हे चुकते आहे' म्हणणाऱ्याला फितूर ठरवतात. आपले ठेवायचे झाकून आणि सरकारचे बघायचे वाकून! सरकार लुटते म्हणून ओरडणाऱ्याच्या वहीत दोन रुपयांचा घोळ असला तरी आंदोलनाच्या बोंडात अळी शिरली म्हणून समजा.

आणि घरात काय? १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर काही वर्षांतच लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली. गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या राजीखुशीने बायकोच्या नावावर जमीन करून दिली. भाषणात स्वातंत्र्य मागणाऱ्याने आधी घरात द्यावे, हा त्यातला हिशेब होता. आज व्यासपीठावर बसणाऱ्या किती जणांच्या सातबाऱ्यावर कापूस वेचणारीचे नाव आहे? निंदणीला, वेचणीला, ज्वारीच्या काढणीला ती. कर्जाची सही आणि पुढारीपण मात्र आपले.

कुणी म्हणेल, असे स्वतःला कोरत बसलो तर लढायचे कधी? बोंड फोडून बघायला अर्धा तास लागतो. न बघितल्याने हंगाम जातो.

म्हणून जिल्हा मेळाव्यासाठी माझी सूचना. हारतुरे आणि भाषणे नंतर. आधी प्रत्येक तालुकाप्रमुखाने सर्वांसमोर उभे राहून चार उत्तरे द्यावीत. चंद्याचा हिशेब कुठे आहे? मागच्या आंदोलनाची झळ कोणत्या गरिबाला बसली? मला तोंडावर 'नाही' म्हणणारा माझा कार्यकर्ता कोण, आणि तो आज सभेत आहे का? पुढचे आंदोलन कोणत्या ठिकाणी थांबवायचे, हे सुरू करण्याआधी कुणाकुणाला विचारून ठरवले?

ज्याच्याकडे उत्तरे नाहीत त्याला शिव्या देऊ नका. पुढच्या मेळाव्यापर्यंत मुदत द्या. तेव्हाही नसतील, तर खुर्ची दुसऱ्याला द्या.