वॉरंटी संपलेल्यांचे काय?

२०२५ च्या नवरात्रापासूनच्या ४२ दिवसांत देशात ५२ लाखांहून अधिक वाहने विकली गेली, असे वितरकांच्या ‘फाडा’ संघटनेने जाहीर केले आणि मोटार उद्योगाला आनंद पोटात मावेना. छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आणला सरकारने. मिरवून घेतले कंपन्यांनी. त्यालाही हरकत नाही. सणासुदीत धंदा झाला, शोरूमच्या पोरांना कमिशन मिळाले, बरे झाले. पण ज्यांनी याच कंपन्यांच्या गाड्या २०२३ च्या आधी घेतल्या आणि आज ज्यांच्या टाकीत विचारल्याशिवाय २० टक्के इथेनॉल ओतले जाते, त्यांचा प्रश्न या ढोलताशांत कुठे गेला?

या देशात गाडी विकली गेली ती अ‍ॅव्हरेजवर. रंग, सीट, काचा हे सगळे नंतर. ‘कितना देती है’ या तीन शब्दांवर मारुतीने जाहिरात उभी केली आणि ती घरोघर पोहोचली, कारण एमएच-१३ पासिंगची दुचाकी घेणारा बार्शीचा शिक्षक असो की मोटार घेणारा अकलूजचा बागायतदार, पहिला प्रश्न तोच विचारतो. पुण्याच्या एआरएआय या वाहनसंशोधन संस्थेच्या चाचणीतला आकडा कंपन्या वर्षानुवर्षे दशांशासह छापत आल्या. आता तोच आकडा खाली आला आहे म्हटल्यावर त्यांना एकाएकी हवामान, रस्ता, टायरमधली हवा आणि चालकाची सवय आठवू लागली. विकताना प्रत्येक थेंबाचा हिशेब आणि तक्रार आली की ‘अनेक घटक कारणीभूत असतात’! याला निलाजरेपणा म्हणतात.

हे घडणार हे कुणाला ठाऊक नव्हते असेही नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिले होते की, इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींचे अ‍ॅव्हरेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे यात नवल काहीच नाही. त्याच आराखड्यात ग्राहकाच्या नुकसानीची भरपाई म्हणून अशा इंधनाला करसवलत देण्याची सूचनाही होती. २०३० चे उद्दिष्ट २०२५ वर ओढले गेले, मिश्रण आले आणि सवलतीची सूचना फायलीतच राहिली. ऑगस्ट २०२५ मध्ये कंपन्यांच्या ‘सियाम’ संघटनेने पत्रकार परिषद घेऊन घट केवळ २ ते ४ टक्के असल्याचे सांगितले, गाड्यांना धोका नसल्याचा निर्वाळा दिला आणि वॉरंटी पाळण्याची ग्वाहीही दिली.

या ग्वाहीतच खरी मेख आहे. २० टक्के मिश्रणाला, म्हणजे ई-२० ला अनुरूप गाड्या बाजारात येऊ लागल्या त्या एप्रिल २०२३ पासून. त्याआधीच्या गाड्यांची दोन-तीन वर्षांची साधी वॉरंटी आता बहुतेकांची संपली, उरलेल्यांची संपत आली. म्हणजे ज्याला वॉरंटीची गरज आहे त्याच्याकडे ती नाही आणि ज्याच्याकडे आहे त्याची गाडी मुळातच या इंधनासाठी बनलेली आहे. असा शब्द द्यायला कुठल्याही कंपनीचे काय जाते? २०१४ ची गाडी जपून वापरणाऱ्याच्या रबरी नळ्या आणि गॅस्केट उद्या खराब झाले तर खर्च त्याच्याच खिशातून. वर शोरूमचा सेल्समन सांगायला मोकळा : ‘साहेब, एक्स्चेंज बोनस चालू आहे, नवीन घ्या, ई-२० रेडी आहे.’ जुन्या ग्राहकाची अडचण हेच नव्या विक्रीचे भांडवल!

सोलापुरात हे बोलणे सोपे नाही. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत आपला जिल्हा वरच्या रांगेत आहे, कारखान्यांनी कर्जे काढून आसवनी प्रकल्प उभारले आहेत. त्यामुळे इथेनॉलवर शंका काढली की शेतकऱ्याचा शत्रू ठरवले जाते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरींनी तर ही टीका म्हणजे पैसे देऊन चालवलेली मोहीम असल्याचे सांगून टाकले. आमचा इथेनॉलला विरोध नाही. पण शेतकऱ्याच्या नावाने सगळे चालले असेल तर त्याच्या पदरात काय पडले तेही पाहा. दुष्काळाच्या सावटात, ७ डिसेंबर २०२३ रोजी ऐन गाळप हंगामात उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर बंधने लादून केंद्राने याच कारखान्यांचे गणित विस्कटले. उसाच्या रसाच्या इथेनॉलचा दर ६५.६१ रुपयांवर थिजला आहे, तर मक्याच्या इथेनॉलला ७१.८६ रुपये मिळतात. २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी जी मागणी नोंदवली, तिच्यातला मोठा हिस्सा धान्याच्या इथेनॉलचा आहे. उसाच्या वाट्याला तिसरा हिस्साही नाही. माढ्या-माळशिरसचा ऊस उत्पादक एफआरपीच्या रास्त दरासाठी झगडतो आणि तोच पंपावर कमी अ‍ॅव्हरेजचे पेट्रोल शंभराच्या वर दराने भरतो. त्याला दोन्हीकडून कापायचे आणि पुन्हा ढाल म्हणून पुढे करायचे!

ब्राझीलचे उदाहरण उठता बसता दिले जाते. तिथे १ ऑगस्ट २०२५ पासून पेट्रोलमध्ये ३० टक्के इथेनॉल आहे, हे खरे. पण तिथे २००३ पासून कुठलेही मिश्रण पचवणाऱ्या फ्लेक्स-फ्युएल गाड्या विकल्या गेल्या, पंपावर निव्वळ इथेनॉलही वेगळ्या दराने मिळते आणि ते पेट्रोलच्या ७० टक्के दराच्या आत असेल तरच भरायचे, हा हिशेब तिथला चालक जाणतो. आधी गाड्या, मग इंधन, शिवाय निवड. आपल्याकडे फ्लेक्स-फ्युएल मोटार प्रदर्शनात फिती कापायला दिसली, २०२५ पर्यंत शोरूममध्ये सामान्य माणसाला मिळाली नाही. निवडीचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली, त्यामुळे तीही वाट बंद.

कंपन्यांना हे तांत्रिकदृष्ट्या जमणार नाही, असे कुणी सांगू नये. निदान सोलापूरकरांना तरी सांगू नये. इथल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचे कॅमशाफ्ट जगातल्या नामांकित कंपन्यांच्या इंजिनांत बसतात; मायक्रॉनमध्ये माप कसे राखतात हे चिंचोळीच्या एमआयडीसीतल्या कामगाराला माहीत आहे. पुरवठादाराच्या एका सुट्या भागाचा बॅच नंबर वर्षांनंतर शोधून काढणाऱ्या कंपन्यांना आपल्या कोणत्या मॉडेलला कोणत्या वर्षापर्यंत ई-२० चालत नाही, हे ठाऊक नसेल? नक्कीच असेल. यादी छापली तर विक्री बिघडेल आणि दिल्लीही रुसेल, म्हणून मौन.

म्हणूनच मागणी स्पष्ट हवी. प्रत्येक कंपनीने मॉडेल आणि वर्षनिहाय यादी मराठीत प्रसिद्ध करावी. ज्या गाड्यांना सुटे भाग बदलावे लागतील त्यांचा खर्च, वॉरंटी असो वा नसो, कंपनीने उचलावा. पंपावर मिश्रणाचे प्रमाण ठळक अक्षरांत लावावे आणि २०२१ च्या आराखड्यातली सवलत सरकारने द्यावी. तोवर वाचकांनी एवढे करावे : गाडीचे मॅन्युअल काढून इंधनाचे पान पाहावे आणि सर्व्हिस सेंटरला आपले मॉडेल व वर्ष लिहून लेखी विचारणा करावी. तोंडी उत्तरावर समाधान मानू नये. लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह घ्यावे. ते दिले नाही, तरी ग्राहक आयोगात जाताना लेखी विचारणेचा पुरावा हाताशी असेल.