हार्ड डिस्क दिसत नाही, तेव्हा आधी हात आवरा

मालेगावात आमची साड्यांची गद्दी आहे. ईदच्या आधीच्या आठवड्यात मागवाल्यांचा हिसाब चुकता करायचा असतो. बीम कोणाला किती दिले, साड्या किती आल्या, उचल किती गेली, हे सगळे त्या चार दिवसांत पाहावे लागते. दोन वर्षांपूर्वी नेमक्या याच दिवसांत आमची बाहेरून जोडायची हार्ड डिस्क कॉम्प्युटरला दिसेनाशी झाली. भाचा म्हणाला, "मामू, दिवा लागतो, पण पडद्यावर काहीच येत नाही."

पुढच्या एका तासात आम्ही जे केले ते व्यापारी बंधूंना सांगणे आम्हाला जरुरीचे वाटते. आमचे स्पष्ट मत असे झाले आहे की, डिस्क बिघडल्याने जेवढे जाते त्याहून जास्त मालकाच्या घाईने जाते.

आदल्या संध्याकाळी ती डिस्क चालू असताना गादीवरून फरशीवर पडली होती. पोराने ती उचलून ठेवली आणि रागावतील म्हणून कोणाला सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी आतून टिक-टिक आवाज येत होता. आम्ही तो ऐकला आणि सोडून दिला. भाच्याने ती तीन कॉम्प्युटरना आळीपाळीने लावून पाहिली. मग ती एका दुरुस्तीवाल्याकडे गेली. त्याने चालत्या पंख्याखाली, काउंटरवरच तिचे झाकण उघडले. शेवटी मुंबईला डेटा काढून देणाऱ्या लोकांकडे पाठवली, तेव्हा कळले की आतल्या तबकड्यांवर ओरखडे पडले आहेत आणि आता काही निघणार नाही.

ही डिस्क आत कशी चालते ते ठाऊक असते तर आम्ही हात लावला नसता. आत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या मिनिटाला ५,४०० फेऱ्या घेतात. त्यांच्यावर वाचणारे टोक तरंगते, आणि मधले अंतर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. धुळीचा कण त्या अंतरापुढे डोंगर आहे. आम्ही जकार्डच्या पत्त्यांवर वाढलेली माणसे. पुठ्ठ्याच्या पत्त्यांची दोरी तुटली तर पुन्हा ओवायची, एक पत्ता भिजला तर तेवढाच नवा ठोकायचा, साडीचा काठ परत उभा राहतो. हार्ड डिस्कलाही आम्ही तसेच समजलो. येथे टोक एकदा तबकडीला घासले की, वीज दिल्यावर प्रत्येक फेरीला आणखी घासू शकते.

म्हणून पहिले काम कान लावण्याचे. टिक-टिक किंवा खरखर ऐकू आली, किंवा डिस्क पडली असेल, पाण्यात भिजली असेल, तर तार काढा आणि पुन्हा लावू नका. माल किमती असेल तर थेट डेटा काढणाऱ्याकडे द्या. तो धुळीपासून बंद केलेल्या जागेत डिस्क उघडतो की नाही, हे आधी विचारा. त्याचा खर्च नव्या डिस्कच्या कितीतरी पट येतो, हेही मनाशी धरून चला.

आवाज नेहमीचा असेल तर घाबरायचे कारण कमी. अशा वेळी बिघाड पुष्कळदा डिस्कमध्ये नसतोच, तारेत असतो. दुसरी तार लावा, पण ती फक्त चार्जिंगची नको. काही तारांत माहिती नेणारे तंतूच नसतात. कॉम्प्युटरच्या पुढच्या खाचेऐवजी मागच्या खाचेत लावा, मधला हब काढून टाका. छोटी डिस्क यूएसबीवरच चालते आणि तिला वीज कमी पडली की मंद पिपाणीसारखा आवाज देते किंवा सुरू होऊन बंद पडते. मोठ्या डिस्कला वेगळा अडॅप्टर असतो, तोही तपासा. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर एकदा पाहा.

तरीही दिसली नाही तर विंडोजमध्ये स्टार्टच्या बटणावर उजवी टिचकी मारून डिस्क मॅनेजमेंट उघडा. तेथे डिस्क बरोबर मापाची दिसते, पण तिला अक्षर नाही, असे असेल तर अक्षर द्या, काम झाले. पण 'रॉ' किंवा 'नॉट इनिशिअलाइज्ड' लिहून आले, किंवा विंडोजने "फॉरमॅट करू का?" असे विचारले, तर होय म्हणू नका. विचारणारे यंत्र आहे, आत तुमची तीन सालांची उधारी आहे हे त्याला कळत नाही. चेक-डिस्क चालवण्याचा सल्लाही लोक सहज देतात. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर तो चालवू नये.

डब्यातून डिस्क काढून दुसऱ्या डब्यात घालण्याची युक्ती कधी चालते, कारण बिघाड डब्यातल्या छोट्या सर्किटमध्ये असू शकतो. पण काही डिस्कना यूएसबीची खाच आतल्या बोर्डावरच असते, आणि काहींत डब्याचे सर्किटच मजकूर कुलूपबंद करून ठेवते. त्यांना ही युक्ती लागू पडत नाही.

आता आमची खरी चूक. कॉम्प्युटर भरला म्हणून आम्ही जुन्या सालांचा हिसाब त्या डिस्कवर नेला आणि मूळ जागेवरून पुसून टाकला. वर त्याला 'बॅकअप' म्हणत राहिलो. एकच प्रत असेल तर तो बॅकअप कसला? वडिलांच्या वेळी रोजमेळ वेगळा आणि खातेवही वेगळी असायची. एकीला वाळवी लागली तरी दुसरीवरून रकमा उभ्या राहत. शाळेत उर्दूत हिसाब शिकलेल्या मुनीमजींची ती शिस्त आम्ही कॉम्प्युटर आल्यावर मोडली.

शेवटी आम्हाला पार्ट्यांना फोन करून विचारावे लागले, भाई, आमचे तुमच्याकडे किती निघते? बहुतेकांनी आपल्या वहीतून खरा आकडा सांगितला. काहींनी कमी सांगितला, आणि आमच्याकडे बोलायला कागद नव्हता. त्याहून जड गेले ते मागवाल्यांचे. त्यांच्या मजुरीचा हिसाब आमच्याकडे अमानत होता. त्यांनी जे सांगितले ते आम्ही मानले आणि ईदच्या आधी दिले.

कायद्याचेही ऐका. जीएसटीमध्ये हिसाब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपावा लागतो, आणि कॉम्प्युटरवर ठेवलेल्या हिसाबाची वेगळी प्रत ठेवणे नियमातच आहे.

आता आमच्याकडे दोन डिस्क आहेत. कायम कॉम्प्युटरला जोडून कोणतीही ठेवत नाही, कारण विजेचा झटका किंवा व्हायरस आला तर दोन्ही एकदम जातील. जुमेरातच्या संध्याकाळी मुनीम टॅलीची प्रत घेऊन एक डिस्क घरी नेतो आणि शनिवारी दुसरी आणतो. गद्दीतली डिस्क लोखंडी कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात असते. तेथून पडायला तिला जागाच नाही.