आधी दुसरं नोझल द्या, मग निवडीचं बोला

जुन्या गाडीला सोसेल ते पेट्रोल बघून भरा, तेही परवडत नसेल तर गाडी भंगारात घाला, आणि पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलला नावं ठेवाल तर तुम्ही ऊसवाल्यांचे वैरी. आमच्या बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात हे ठणकावून सांगणारे एक जाणकार आहेत. सभा असो की लग्नाचा मांडव, त्यांचं म्हणणं एवढंच, आणि त्याला टाळ्याही मिळतात. मला त्याचा संताप येतो.

बघून भरायचं, पण कुठे? युसूफ वडगावचा माणूस केजला जावो नाहीतर अंबाजोगाईला, टाकीत पडतं ते एकच मिश्रण. इथेनॉल नसलेलं महागडं पेट्रोल मोठ्या शहरांतल्या मोजक्या पंपांवर, तेही दीडशेच्या वर भावाने. आणि भंगारात घाला म्हणणाऱ्यांनी नव्या गाडीचा हप्ता कोण भरणार तेही सांगावं.

शेतकऱ्याचं नाव पुढे करून तोंड बंद करणं मात्र जास्त झोंबतं. धनेगावचं मांजरा धरण आमच्याच तालुक्यात. धरणात पाणी असेल त्या साली ऊस, नसेल त्या साली टँकर. दिवाळी सरली की याच जिल्ह्यातल्या घरांना कुलपं लागतात आणि ऊसतोडीच्या जोड्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. त्यांना मजुरी मिळते टनावर. तोडलेल्या उसाची साखर होवो की इथेनॉल, त्यांच्या हिशेबात एका रुपयाचा फरक पडत नाही. ऊस लावणाऱ्याला मिळते एफआरपी, म्हणजे उसाची रास्त आणि किफायतशीर किंमत. ती केंद्र सरकार साखरेच्या उताऱ्याचा हिशेब धरून ठरवतं, आणि १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ती १४ दिवसांत द्यायची असते. इथेनॉलच्या पैशामुळे कारखान्यांना ती देणं सोपं झालं, हे मी आनंदाने मान्य करतो. पण डिसेंबर २०२३ मध्ये, साखर कमी पडेल या धास्तीने, केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एका आदेशाने बंदी घातली आणि आठवडाभरात ती थोडी सैल केली, तेव्हा हे जाणकार कुठे होते? त्याच महिन्यात कांद्याची निर्यात बंद झाली, तेव्हाही त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. शिवाय आता देशातलं निम्म्याहून जास्त इथेनॉल मका-तांदळासारख्या धान्यापासून होतं. ठिबकशिवाय ऊस लावू नका असं म्हणालो होतो, तेव्हाही याच मंडळींनी मला शेतकऱ्याचा वैरी ठरवलं होतं. उत्तर सुचलं नाही की यांना शेतकरी आठवतो!

अॅव्हरेज किरकोळ घटतं, म्हणे. नीती आयोगाच्या जून २०२१च्या आराखड्यातच लिहिलंय की शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि १० टक्के मिश्रणावर जुळवलेल्या चारचाकीचं अॅव्हरेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी उतरेल. एका लिटर इथेनॉलमध्ये ऊर्जाच पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, तर दुसरं काय होणार? शंभराच्या तेलात सहा-सात रुपये गेले, पंपावरचा भाव मात्र तेवढ्याने उतरला नाही. ऑक्टेन वाढतो हे खरं, पण त्यासाठी न घडवलेल्या जुन्या इंजिनाला त्याचा उपयोग नाही.

जाणकारांनी एकदा मिस्त्रीजवळ उभं राहून कार्बोरेटरवाली जुनी मारुती ८०० खोलताना बघावी. महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या गाडीत फ्लोटच्या वाटीच्या तळाशी पांढरट भुकटी, रबरी नळी फुगून मऊ पडलेली, टाकीतला जुना गाळ सुटून फिल्टर तुंबलेला. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. नव्या गाडीत सेन्सर इंधनाचं प्रमाण सांभाळतो. इथे जेटचं भोक ठरलेलं, म्हणून मिश्रण पातळ होतं, गाडी मिसिंग करते, थंडीत लवकर चालू होत नाही. काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग नि गॅस्केट लवकर बदलावे लागतील, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये मान्य केलं आहे.

माझं मागणं लहान आहे. एप्रिल २०२३ पासून निघालेल्या गाड्यांचे भाग २० टक्के सोसतील असे बनतात. त्यांना २० टक्के खुशाल द्या. जुन्यांसाठी १० टक्क्यांचं वेगळं नोझल ठेवा. ही माझ्या डोक्यातली कल्पना नाही, जुन्या वाहनांसाठी १० टक्के मिश्रण कायम ठेवा असं त्याच आराखड्यात लिहिलेलं आहे. तोवर नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या बसवा, फिल्टर वेळेआधी बदला, भरलेली गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नका.

आणि गाडीचं पुस्तक काढून तिला किती टक्के चालतं ते बघा. १० लिहिलं असेल तर पंपावरची तक्रारवही मागून घ्या आणि १० टक्क्यांच्या नोझलची मागणी तिच्यात आपल्या सहीनिशी लिहा.