कंबर आळसाने धरत नाही

वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. गेल्या वर्षी आम्ही मुद्दाम मागे बसून पाहिले. पहिली पाच मिनिटे सगळ्या जणी मांडी घालून नीट बसतात. मग एकीचा पाय पसरतो, दुसरीचा हात कमरेमागे जातो, आणि अर्ध्या तासात भिंतीला टेकायला जागा मिळावी म्हणून बायका एकेक करून मागे सरकतात. ऐकायचे मन असते, पाठ बसू देत नाही. यातल्या निम्म्या जणी अजून पन्नाशीलाही पोचलेल्या नाहीत.

परिचारिकेच्या नोकरीत रुग्ण उचलता उचलता आमचीही कंबर गेली होती, म्हणून हे दुखणे आम्हाला परके नाही. त्यावर घरच्या घरी हलकी योगासने करा असे आम्ही सुचवले, की वस्तीत दोन उत्तरे मिळतात. एक, "ते त्यांचे आहे, आपल्याला नको." दुसरे, "ताई, दिवसभर राबतो तो व्यायाम कमी आहे का?"

पहिल्या उत्तरामागची चीड आम्हाला कळते. २०१५ पासून दर २१ जूनला योगदिनाचे मंडप उभे राहतात, फोटो निघतात, आणि सोबत मंत्रही येतात. ज्या घराने बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्या घरात मंत्र म्हटले जाणार नाहीत, हे बरोबरच आहे. पण पाठीचा स्नायू ताणायला मंत्र लागत नाही. चालताना, उभे असताना, बसलेले असताना, पहुडलेले असताना आपल्या देहाकडे जागेपणाने पाहा, ही शिकवण तर सतिपट्ठान सुत्तातच आहे. मंडप त्यांचा असेल, कणा आपला आहे.

दुसरे उत्तर जास्त अवघड, कारण ते खरे आहे. चार घरची धुणीभांडी करणारी बाई बसून राहणाऱ्या माणसाच्या कितीतरी पट हालचाल करते. पण ती सगळी एकाच बाजूला. फरशी पुसताना पुढे वाकायचे, केर काढताना पुढे वाकायचे, बादली उचलताना पुढे, मोरीत बसून भांडी घासतानाही पुढेच. दिवसभरात मागच्या बाजूला शरीर एकदाही वळत नाही. छातीचे स्नायू आखडतात, पाठीचे ताणून ताणून थकतात, खांदे गोल होतात. घरी बसून पापड लाटणाऱ्या, माळा ओवणाऱ्या बायकांचेही तेच. कामाने अंग झिजते; त्याला उलट दिशेची हालचाल मिळाली तर ते सावरते.

एका आरोग्य शिबिरात एका डॉक्टरांनी रस्ते झाडणाऱ्या बाईंना आमच्यासमोर सुनावले, "तुम्ही नीट उभ्या राहत नाही, म्हणून दुखते." त्या काही बोलल्या नाहीत. आम्ही बोललो. ज्यांच्या आज्या-पणज्यांना गावात ताठ मानेने चालायची मुभा नव्हती, त्यांना उभे कसे राहावे हे अशा सुरात शिकवू नये. शिवाय ते शास्त्रालाही धरून नाही. कणा काठीसारखा सरळ नसतोच. मानेत आणि कमरेत तो आत वळतो, पाठीत बाहेर. एकच एक आदर्श ठेवण नसते. दुखते ते एकाच ठेवणीत तासन् तास राहिल्याने.

हलक्या योगाने उतार पडतो का? २०१७ साली अमेरिकेतल्या बोस्टनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जुनाट कंबरदुखी असलेले ३२० लोक, बहुतेक कमी कमाईचे. १२ आठवडे योग शिकवलेल्यांना फिजिओथेरपी घेणाऱ्यांच्या जवळपास बरोबरीने आराम पडला. फिजिओथेरपीला रोजचा रिक्षाखर्च आणि बुडालेली रोजी आठवा, म्हणजे याचे मोल कळेल.

चटई विकत आणू नका, गोधडी पुरते. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी खुर्ची, पट्टा, भिंत यांचा आधार घेऊन आसने शिकवली. भिंत तर आपल्याही खोलीला आहे. आधी तिलाच पाठ लावून उभ्या राहा. टाचा चार बोटे पुढे, ढुंगण आणि खांदे टेकलेले, हनुवटी किंचित आत. डोके टेकत नसेल तर ओढून टेकवू नका. सावकाश दहा श्वास घ्या. मग गोधडीवर गुडघे आणि तळहात टेकून रांगत्या बाळासारख्या व्हा. श्वास घेताना पोट खाली सोडून छाती पुढे काढा, सोडताना पाठ मांजरीसारखी वर उचला. गुडघे कुरकुरत असतील तर हेच ओट्याला हात टेकून उभ्याने करा. त्यानंतर पालथे झोपून कोपरांवर छाती उचला. दिवसभराच्या वाकण्याला खरे उत्तर हेच, म्हणून काही सोडायचेच तर दुसरे सोडा, हे सोडू नका. शेवटी उताणे होऊन गुडघे उभे ठेवा, कंबर हळूच वर उचला, खाली आणा, आणि एकेक गुडघा पोटाशी घ्या. सगळे मिळून दहा मिनिटे. ओढ जाणवली तर चालेल. कळ आली किंवा पायात मुंग्या आल्या तर थांबायचे.

"सासरे समोर असताना पालथे कसे पडायचे?" हा प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दहा बाय दहाच्या खोलीत बाईला आडवे व्हायलाही एकांत लागतो. पहाटे नळाला पाणी येण्याआधी जमले तर उत्तम, नाहीतर पुरुष कामावर गेल्यावर.

गरोदर बाईने पालथे झोपू नये. रक्तदाब वाढलेला असेल तर डोके कमरेखाली नेऊ नये. पाठीला बाक आलेल्या म्हाताऱ्या आयांनी पुढे वाकायचे प्रकार करूच नयेत, हाडे ठिसूळ असतात. आणि रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, सोबत बारीक ताप, वजन घटणे असे असेल तर योग बाजूला ठेवून सरकारी दवाखाना गाठा. मणक्याचा क्षय असू शकतो. त्याचे औषध तिथे मोफत मिळते. पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी, त्याच तासाला निघा.

इतके सांगूनही एक गोष्ट उरते. सकाळी दहा मिनिटे पाठ मोकळी करून बाई पुन्हा चार घरी उकिडवी बसून फरशी पुसणार असेल, तर तिची पाठ किती दिवस टिकेल? लांब दांड्याचा मॉप घरोघरी असतो. तरीही "काठीने कोपरे निघत नाहीत, हाताने पूस" असे ऐकावे लागते. एकटीने नाही म्हटले तर काम जाते, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून एका इमारतीत काम करणाऱ्या सगळ्या जणींनी मिळून एकाच दिवशी सांगायचे, की फरशी दांड्यानेच पुसली जाईल. पगारवाढ मागतो तसेच हेही मागायचे.

येत्या आषाढी पौर्णिमेपासून विहारात वाचनाआधी अर्धा तास दार लावून बायकांसाठी गोधड्या अंथरू. भिंतीलगत खुर्च्यांची एक रांगही मांडू, ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी. पुरुष मंडळींनी तेवढ्या वेळात बाहेर चहा करून ठेवावा.