सवलत आणि तिच्या अटी

आमच्या वर्धा जिल्ह्यांत आगगाडी ही कांहीं नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. मुंबईहून नागपुरास जाणारा आणि दिल्लीहून चेन्नईकडे उतरणारा, असे देशांतील दोन मोठे लोहमार्ग आमच्या उंबरठ्यावर एकमेकांस भेटतात. पुलगांव, सिंदी, हिंगणघाट येथील कितीतरी मंडळी विद्या, रोजगार व औषधोपचार यांसाठीं गाडीचा आश्रय करितात. असें असूनहि हातांतील तिकिटाचा हिशेब समजून घेणारे उतारू फार थोडे. खिडकीवर मागितले तितके पैसे द्यावे आणि वाटेंत कुरकुर करावी, हीच बहुतेकांची रीत. या अज्ञानाची किंमत गरिबासच अधिक मोजावी लागते; म्हणून या विषयावर चार शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रथम भाड्याचें स्वरूप पाहूं. अंतर व वर्ग यांवरून ठरतें तें मूळ भाडें. त्यावर आरक्षणाचा आकार, आणि गाडी सुपरफास्ट असल्यास तिचा अधिभार. सरासरीनें तासाला ५५ किलोमीटर किंवा अधिक वेगानें धांवणारी गाडी सुपरफास्ट मानतात. म्हणून एकाच गांवाहून एकाच गांवास जाणाऱ्या दोघांनीं निरनिराळे पैसे दिले, तर कोणीतरी फसविलें असें समजण्याचें कारण नाहीं. मात्र गाडीचें नुसतें नांव बदललें तरी गरिबाच्या खिशास कशी झळ लागते, हें आपण पाहिलें आहे. करोनाच्या सांथीनंतर पॅसेंजर गाड्या एक्सप्रेस म्हणून चालविल्या गेल्या व त्यांचें किमान भाडें १० रुपयांवरून ३० रुपयांवर गेलें. तें पूर्ववत् होण्यास फेब्रुवारी २०२४ उजाडला.

आतां सवलतीकडे वळूं. सवलत मिळते ती केवळ मूळ भाड्यावर, इतर आकारांवर नव्हे. समजा, शयनयानाचें मूळ भाडें २०० रुपये, आरक्षण २० आणि सुपरफास्टचा अधिभार ३० असे एकूण २५० रुपये झाले. निम्मी सवलत असलेला विद्यार्थी १२५ रुपये घेऊन खिडकीवर गेला, तर तो परत फिरेल. कारण त्यास १०० अधिक ५०, म्हणजे १५० रुपये द्यावे लागतात. दुसरी अट अशी कीं, एका वेळीं एकच सवलत घेतां येते. तिसरी, तत्काल तिकिटावर सवलत नाहीं. लहान मुलांचा नियमहि ध्यानांत ठेवावा: ५ वर्षें पूर्ण होऊन १२ पूर्ण न झालेल्या मुलास अर्धें भाडें पडतें खरें, पण २१ एप्रिल २०१६ पासून त्याच्यासाठीं स्वतंत्र शायिका मागितल्यास पूर्ण भाडें द्यावें लागतें.

आमच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची सवलत मासिक पासाची. घर ते शाळा या प्रवासासाठीं मुलांस बारावीपर्यंत आणि मुलींस पदवीपर्यंत दुसऱ्या वर्गाचा मासिक पास विनामूल्य मिळण्याची तरतूद आहे. त्यासाठीं शाळेचा दाखला लागतो. ज्या बापाला ही तरतूद ठाऊक नाहीं, तो कदाचित् 'रोजचें भाडें परवडत नाहीं' म्हणून मुलीचें शिक्षण थांबवील. आणि नियम मात्र पुस्तकांत जसाच्या तसा सुरक्षित राहील! तीच गोष्ट रुग्णांची. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयांत दूरदूरचे रोगी येतात. कर्करोगाच्या रुग्णास उपचारासाठीं जातां-येतां शयनयानाचें मूळ भाडें पूर्ण माफ असतें व त्याच्या सोबत्यास शेंकडा ७५ सूट मिळते. परंतु ठराविक नमुन्यांतील दाखला हातीं नसेल तर यांतील कांहींच पदरांत पडत नाहीं.

कोणी म्हणेल, अटी हव्यातच कशाला? आमचें मत तसें नाहीं. अटी नसतील तर सवलत धटिंगणांच्या हातीं जाईल. मात्र अट ही गरज नसलेल्यास अडविण्यासाठीं असावी. ज्यास ठाऊक नाहीं त्यास दंड करण्यासाठीं नसावी.

या कसोटीवर वृद्धांचा प्रश्न घांसून पाहावा. ६० वर्षांवरील पुरुषांस शेंकडा ४० व ५८ वर्षांवरील स्त्रियांस शेंकडा ५० सूट मिळत असे. ती २० मार्च २०२० पासून बंद झाली आणि सांथ ओसरल्यावरहि पुनः सुरू झाली नाहीं. सरकारचें म्हणणें असें कीं, प्रवासाचा खर्च १०० रुपये येतो तेथें प्रत्येक उतारूकडून सुमारें ५४ रुपयेच घेतले जातात. म्हणजे सवलत सर्वांसच आहे. हें म्हणणें पोकळ नाहीं. रेल्वेचा तोटा शेवटीं जनतेच्याच माथीं बसतो. तथापि वातानुकूलित डब्यांतील सुखवस्तु गृहस्थ आणि नागपुरास डोळे दाखविण्यास निघालेली शेतमजूर आजी या दोघांस एका मापानें मोजणें न्यायाचें नव्हे. संसदेच्या स्थायी समितीनेंहि निदान शयनयान व वातानुकूलित तिसरा वर्ग यांत ही सूट पुनः देण्याचा विचार व्हावा असें सुचविलें होतें. आम्ही म्हणतों, दुसरा वर्ग व शयनयान एवढ्यापुरतीच ती द्यावी. दार अरुंद करावें, पण मुळींच बंद करूं नये.

याच जिल्ह्यांतील सेवाग्राम येथें १९३६ पासून ज्यांनीं वास्तव्य केलें, त्या महात्मा गांधींनीं १९१७ सालीं तिसऱ्या वर्गाच्या उतारूंचे हाल जगापुढें मांडले होते. १९७४ सालीं तिसरा वर्ग नांवानें नाहींसा झाला. त्याचा उतारू मात्र अद्याप अनारक्षित डब्याच्या दारांत उभा आहे.

सरकारनें प्रत्येक तिकीट-खिडकीपाशीं सवलतींचे नियम सोप्या मराठींत ठळक अक्षरांनीं लावावे, ही आमची मागणी आहे. तोंपर्यंत हें काम आपल्या विद्यार्थ्यांनीं हातीं घ्यावें. वाचतां येणें ही विद्या, आणि ज्यास वाचतां येत नाहीं त्यास वाचून दाखविणें हा तिचा उपयोग. तेव्हां मित्रहो, येत्या सुटींत घरीं जातांना शेजारच्या आजोबांचें तिकीट एकदां हातीं घ्या, त्यावरील आंकडे त्यांस समजावून सांगा, आणि गांवांतील ज्या मुलीस विनामूल्य पास मिळूं शकतो तिचा अर्ज स्वतः लिहून द्या.