मातृभाषेचा मान आणि मातेचा मान

सीमाभागातील मराठी जनतेचे गाऱ्हाणे एका वाक्यात सांगावयाचे तर ते इतकेच आहे की, आम्हांला कोणी विचारले नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना अंमलात आली आणि बेळगाव, खानापूर, निपाणी हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घातला गेला. येथील लोकांची भाषा कोणती, त्यांची इच्छा काय, हा प्रश्न निर्णय करणाऱ्यांना महत्त्वाचा वाटला नाही. तेव्हापासून दरसाल त्या दिवशी आपण काळा दिन पाळतो. संमतीवाचून केलेली व्यवस्था, मग ती कितीही सोयीची असो, ती अन्यायच, हे तत्त्व आपण दिल्लीपासून बेंगळूरपर्यंत सर्वांना ऐकवीत आलो आहोत.

हे तत्त्व आपल्या उंबरठ्याच्या आत लागू आहे की नाही, एवढाच प्रश्न आम्हां सीमाभागातील संसारी मातांना आज विचारावयाचा आहे.

आमच्यापैकी कोणी शहापूर-वडगावच्या मागांसाठी कांड्या भरते, कोणी निपाणीकडे विड्या वळते, कोणी भाजीची पाटी घेऊन पहाटेच बेळगावचा बाजार गाठते, तर कोणी शाळेत शिकविते किंवा कचेरीत टेबल सांभाळते. पण त्याआधी नळाची वेळ साधून पाणी भरलेले असते, डबे झालेले असतात, सासऱ्यांचे औषध हाताशी ठेवलेले असते. आणि संध्याकाळी परतल्यावर उरलेला संसार वाट पाहात असतोच. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने 2024 साली केलेल्या पाहणीत, बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामात रोज सरासरी 289 मिनिटे वेळ जातो आणि पुरुषांचा 88 मिनिटे, असे आढळले. म्हणजे तीन तास एकवीस मिनिटांचा फरक. आणि तोही घरकामाला मुळात हात लावणाऱ्या पुरुषांशी तुलना करून! जे हातच लावीत नाहीत, त्यांचा हिशेब निराळाच मांडावा लागेल.

या कष्टांचे रडगाणे आम्ही गात नाही. कष्ट आमच्या आयांनीही उपसले आणि त्यांच्या आयांनीही. आमची तक्रार आहे ती न विचारण्याबद्दल. सभा आटोपल्यावर रात्री दहा मंडळी चहाला घरी येतात, तेव्हा आत दूध आहे की नाही, हे विचारण्याची गरज घरधन्याला वाटत नाही. मुलाला मराठी शाळेत घालावे की इंग्रजी, याचा निर्णय ओटीवर होतो आणि स्वयंपाकघराला तो नंतर कळतो. मुलीच्या स्थळाला होकार जातो तेव्हा मुलीला शेवटी विचारतात, आणि कित्येक घरी तेही नाही. ज्यांनी आपल्या संमतीसाठी जवळजवळ सत्तर वर्षे झगडा चालविला, त्यांनी घरातील माणसांची संमती गृहीत धरावी, ही विसंगती आम्हांस बोचते.

त्याहून गंभीर प्रकार वारसाचा आहे. ज्या 1956 साली आपल्यावर अन्याय झाला, त्याच साली हिंदू वारसा कायदा झाला. त्यात जे न्यून राहिले होते, ते 2005 च्या दुरुस्तीने दूर होऊन वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. तरीही लेकीने माहेर जोडून ठेवायचे असेल तर हक्कसोडपत्रावर सही करावी, असा रिवाज गावोगाव चालू आहे. आपखुशीने सोडलेला हक्क निराळा, आणि भाऊबीज बंद होईल या धाकाने सोडलेला हक्क निराळा. जमिनीच्या उताऱ्यावरून बहिणीचे नाव अलगद गाळणाऱ्याने आपला गाव नकाशावर चुकीच्या बाजूस घातला म्हणून कोणत्या तोंडाने दाद मागावी?

कोणी म्हणेल, चळवळीच्या ऐन धुमाळीत हा घरगुती विषय कशाला? आमचे उत्तर असे की, ही चळवळ टिकली ती घरामुळेच. कचेरीत कन्नड आणि मुलांच्या हातातील फोनवर इंग्रजी-हिंदी, अशा स्थितीत मराठीची शेवटची शाळा आईच्या मांडीवरच भरते. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याची जबाबदारी घटनेच्या 350 अ या कलमाने राज्यावर टाकली आहे, आणि ती आपण मागत राहिलेच पाहिजे. पण शासनाने शाळा दिली तरी भाषेची गोडी काही शासन लावू शकत नाही. ज्या भाषेत आईला दिवसभर खेकसले जाते, ती भाषा मुलाला गोड कशी वाटावी? ज्या भाषेत बाप आईशी सल्लामसलत करतो, आजोबा सुनेला अदबीने हाक मारतात, तीच भाषा मूल जन्मभर उराशी धरील.

मान ही मात्र एकतर्फी वसूल करण्याची वस्तू नव्हे. आम्ही माता मान मागतो, तसा तो देण्यासही बांधलेल्या आहोत. सून घरात आली की सासूने हुकूमशाही चालवावी, हा न्याय नव्हे. मुलांच्या बाबतीतही तेच. 1986 साली कन्नड सक्तीविरुद्ध या भागातील माणसांनी रक्त सांडले; सक्तीने भाषा रुजत नाही, हे आपणच जगाला सांगितले. मग आपल्या पोरांवर मराठीची छडी उगारून कसे चालेल? त्यांच्याशी बोलावे, त्यांचे ऐकावे, त्यांना गोष्ट सांगावी. शेजारच्या कन्नड घराबद्दलही मुलांच्या कानी वाकडा शब्द पडू देऊ नये. आपला झगडा सरकारच्या निर्णयाशी आहे. ज्या शेजारणीशी सणावाराला पदार्थांची देवघेव होते, तिच्या आईच्या भाषेशी आपले वैर नाही. स्वतःच्या मातृभाषेचा मान मागणाऱ्याने दुसऱ्याच्या मातृभाषेचा मान राखावा, हे आमच्या मुलांना आम्ही नाही शिकविणार तर कोण?

17 जानेवारीला हुतात्मा चौकात आणि 1 जूनला हिंडलग्याला आपण हुतात्म्यांपुढे मस्तक नमवितो. ते योग्यच आहे. पण ज्या घरांतून ती माणसे गेली, तेथे दुसऱ्या दिवशी सकाळी चूल कोणी पेटविली, याची आठवण त्या फुलांबरोबर ठेवली जावी. तुरुंगात गेलेल्या सत्याग्रहींची नावे नोंदली गेली. त्यांच्या माघारी पोरे वाढविणाऱ्या बायांची नावे त्यांच्या गल्लीपुरतीच उरली.

ज्या महाराष्ट्रात जाण्यासाठी आपण झुरतो, त्या महाराष्ट्राने 1 मे 2024 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय दस्तऐवजांत मुलाच्या नावामागोमाग आईचे नाव लिहिण्याचा निर्णय केला आहे. विलीनीकरण होईल तेव्हा होवो. हा नियम आपल्या घरापुरता आजच विलीन करून घेण्यास कोणाची आडकाठी आहे? त्यासाठी ना आयोग नेमावा लागतो, ना न्यायालयात तारीख पडावी लागते.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. घरातील निर्णयापूर्वी घरातील सर्वांस विचारावे. मुलग्यांनाही पाणी भरावयास, ताट उचलावयास शिकवावे. लेकीची सही धाकाने घेऊ नये. समितीच्या सभेत स्त्रियांना पुढच्या सतरंजीवर बसवून गर्दी दाखविण्याऐवजी व्यासपीठावर बोलू द्यावे. मातृभाषेसाठी झटणाऱ्या समाजाने मातेचे म्हणणे ऐकून घ्यावे, यापेक्षा अधिक आमचे मागणे नाही. आणि याहून कमी आम्ही स्वीकारणार नाही.