आमच्या घरातले तीन ऋतू

उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा हे आपल्याकडचे तीन ऋतू, असे तुम्ही भूगोलाच्या पुस्तकात वाचले असेल. पृथ्वीचा आस कललेला आहे आणि ती सूर्याभोवती फिरते, म्हणून ऋतू बदलतात. हे अगदी खरे आहे. परीक्षेत असेच लिहा. पण घरात ऋतू कसा येतो, हे त्या पुस्तकात नाही. ते मी सांगतो.

माझे लहानपण मालेगावात गेले. मोसम नदीच्या काठचे हे गाव यंत्रमागांसाठी प्रसिद्ध आहे. आमच्या गल्लीत दिवसरात्र मागांचा खडखडाट चाले. अब्बा मागावर काम करत. घर पत्र्याचे, खोल्या दोन आणि माणसे सात.

उन्हाळा आमच्या घरी छपरावरून येई. दुपारी पत्रा असा तापे की, त्यावर पोळी भाजता आली असती. आम्ही भावंडे फरशीवर पाणी शिंपडून पंख्याखाली लोळत असू आणि ‘किती गरम होतंय’ असे एकमेकांना सांगत असू. जणू दुसऱ्याला ते माहीतच नव्हते! अम्मी मात्र याच उन्हाची वाट पाहत असे. वर्षाचे गहू वाळवायचे, मिरची कुटायची, शेवया करायच्या, पापड लाटायचे. वाळवणाची राखण आमच्याकडे असे. चिमण्यांनी किती पापड खाल्ले ते सांगता येत नाही. पण अर्धे ओले पापड आम्हीच फस्त करत असू.

कोपऱ्यात माठ असे. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरते, त्याची वाफ होते आणि आतले पाणी गार होते. हे शाळेत शिकल्यावर मी घरात सर्वांना मोठ्या ऐटीने समजावून सांगितले. अम्मीने शांतपणे विचारले, “आणि माठ रोज रात्री भरतं कोण?” त्याचे उत्तर विज्ञानाच्या पुस्तकात नव्हते.

मग पावसाळा येई. तोही छपरातूनच! गळतीच्या जागा ठरलेल्या होत्या. भाईजान तिथे बादली ठेवत आणि मोठे काम केल्यासारखे पुन्हा झोपत. बादली भरली की रिकामी करायला अम्मी उठे. “यंदा पत्रे बदलायचेच,” असे अब्बा दर जूनमध्ये म्हणत. पाऊस थांबला की ही प्रतिज्ञाही वाळून जाई.

पावसाळ्यात मीठ ओले होई, काडेपेटी पेटत नसे आणि कपडे वाळत नसत. हवेतच ओल भरलेली असल्यावर कपड्यांतल्या पाण्याची वाफ व्हायची कशी? मग घरभर दोऱ्या बांधून अम्मी त्यांवर कपडे टाकी. चालताना प्रत्येकाला मान खाली घालावी लागे. आमच्या घरात एवढा अदब फक्त पावसाळ्यातच दिसे.

हिवाळा आला की पेटीतून रजया बाहेर निघत. गल्लीत पिंजारी येई. त्याच्या धनुकलीचा आवाज ऐकून आम्ही धावत असू आणि उडणारा कापूस पकडत असू. तो कापूस भरून रजई पुन्हा शिवायचे काम अम्मीचे. सकाळी त्याच उबदार रजईतून आम्ही ओरडत असू, “अम्मी, पाणी तापलं का?” थंडीच्या दिवसांत पांघरुणातून सर्वांत आधी कोण बाहेर येते ते पाहावे. घर कोण चालवते ते तेव्हा कळते.

आमच्या घरी आणखी एक पाहुणा येई. तो कोणत्याही ऋतूत येतो. तो म्हणजे रमजान. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचे असते. ते आपल्या नेहमीच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान आहे. हिंदू पंचांगात मधूनमधून अधिक महिना धरून हा फरक भरून काढतात. त्यामुळे दिवाळी पावसाळा संपल्यावरच येते. रमजान मात्र दरवर्षी थोडा अलीकडे सरकतो आणि सुमारे तेहेतीस वर्षांत सगळ्या ऋतूंची फेरी पूर्ण करतो.

१९८४ साली रमजान जूनमध्ये होता. रोजा सर्वांचाच होता. दुपारनंतर आम्ही ओल्या फरशीवर पडून मगरिबच्या अजानची वाट पाहत असू. आणि अम्मी? ती त्याच उपाशी पोटी, कोरड्या घशाने रॉकेलच्या स्टोव्हसमोर भजी तळत असे. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही. अम्मीला ऊन लागत नसावे, अशी माझी समजूत होती.

रमजान फेरी पूर्ण करून २०१७ साली पुन्हा मे-जूनमध्ये आला. आता घर माझे होते. छप्पर सिमेंटचे होते. स्टोव्हच्या जागी गॅस आणि पंख्याच्या जोडीला कूलर होता. मी कूलरसमोर पडलो होतो. सातवीतली माझी मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने विचारले, “अब्बा, अम्मीचा रोजा वेगळा असतो का?”

मी उठलो. त्या दिवशी भजी मी तळली. रोजात चव घेऊन पाहता येत नाही. मीठ हाताच्या अंदाजाने घालावे लागते. माझ्या हाताला अंदाज नव्हता. इफ्तारला सर्वांनी एकेक भजे खाल्ले आणि सर्वांचे हात सरबताकडे वळले. मुलांची अम्मी एवढेच म्हणाली, “उद्या मीठ जरा कमी घाला.” तिच्या बोलण्यातला ‘उद्या’ माझ्या लक्षात आला.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, पुरुषही बाहेर राबतात. खरे आहे. अब्बा रात्रपाळी करून येत, तेव्हा त्यांच्या केसांत कापसाचे तंतू अडकलेले असत. त्या कष्टांना मी कमी लेखत नाही. पण अब्बांची पाळी संपली की, मागावर दुसरा माणूस येई. अम्मीची पाळी बदलायला कोणी आले नाही. आणि आम्ही मुलगे तर मागावरही जात नव्हतो. आम्हाला कोणते निमित्त होते?

म्हणून माझे मत असे आहे : आपल्या घरांत ऋतू बदलतो, ऋतूबरोबर काम बदलते, पण काम करणारे हात बदलत नाहीत. ते बदलले पाहिजेत. मुलींना हे काम शिकवावे लागत नाही, ते त्यांच्या गळ्यातच पडते. तेव्हा मी हे विशेषतः मुलांना सांगतो आहे.

एक कागद घ्या. त्यावर तीन ऋतूंची नावे लिहा. प्रत्येक ऋतूत घरात कोणती कामे वाढतात ते लिहा आणि समोर ती करणाऱ्याचे नाव लिहा. एकच नाव पुन्हापुन्हा आले, तर त्यातले एक काम आपल्या नावावर करून घ्या. सगळी नकोत. माठ भरण्यापासून सुरुवात करा; त्यात मीठ चुकण्याची भीती नाही.

रमजान आता हिवाळ्याकडे सरकतो आहे. २०३० साली तर तो जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा सुरू होईल. पहाटे कडाक्याची थंडी असेल. सहरीसाठी कोणाला तरी सर्वांच्या आधी पांघरुणातून बाहेर यावे लागेल. तुमच्या घरात कोण उठेल?